वाचकांचे प्रश्न : शास्त्रातल्या भेटी आणि आपले चालणे

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : पवित्र शास्त्रात माणसे देवाला किंवा प्रभू येशूला समोरासमोर भेटतात, त्या भेटींचे आपण आपल्या आयुष्यात काय करायचे? आठ पत्रे निवडली आहेत. संदर्भ उत्तरांतच दिले आहेत. शास्त्र शेजारी उघडे ठेवून वाचलेत तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न : मी रोज सकाळी एक उतारा वाचते, पण दहा मिनिटांत ‘आजचा धडा’ काढून पुस्तक मिटते. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट तर इतक्यांदा ऐकली आहे की नवे काही दिसतच नाही. भेटीचा उतारा मननासाठी घेताना नेमके काय करावे?

धडा काढण्याची घाई हीच मोठी अडचण आहे. एक उतारा एका सकाळी संपवू नका, त्याला चार दिवस द्या.

पहिल्या दिवशी योहान ४:१-४२ मोठ्याने वाचा, सहा-सात मिनिटे लागतात. मग मागचा अध्यायही वाचा. तिथे निकदेम आहे : पुरुष, शिक्षक, नाव असलेला, रात्री आलेला. इथे स्त्री आहे, शोमरोनी, नाव नाही, भर दुपार. योहानाने या दोन भेटी शेजारी ठेवल्या आहेत आणि एक वाचल्याशिवाय दुसरी पुरती उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत चार रकाने करा. आधी कोण बोलले? काय विचारले? उत्तर काय आले? शेवटी काय बदलले? या उताऱ्यात आधी प्रभू बोलतो, तेही पाणी मागण्यासाठी. तो स्वतःच्या तहानेपासून सुरुवात करतो. मग ती त्याला काय म्हणते ते क्रमाने लिहा : ‘यहूदी’ (वचन ९), ‘महाराज’ (११), ‘संदेष्टे’ (१९), ‘तोच ख्रिस्त असेल काय?’ (२९). शेवटी गावकरी म्हणतात ‘जगाचा तारणारा’ (४२). ओळख पायरीपायरीने वाढली आहे. विसाव्या वचनात ती उपासना त्या डोंगरावर करावी की यरुशलेमेत, हा वाद काढते. पुष्कळ प्रवचनांत याला ‘विषय टाळणे’ म्हणतात, पण प्रभूने तो प्रश्न बाजूला सारलेला नाही, चार वचने देऊन उत्तर दिले आहे.

तिसऱ्या दिवशी त्या दृश्यात आपण कुठे उभे आहोत ते पाहा, आणि स्वतःला दर वेळी चांगल्या पात्राची जागा देऊ नका. परत आलेले शिष्यही तिथे आहेत. तो स्त्रीशी बोलतो याचे त्यांना आश्चर्य वाटते, पण विचारत कुणी नाही. चौथ्या दिवशी एकच कृती ठरवा, त्या रात्रीपर्यंत होईल एवढी लहान.

चुका कुठे होतात? शास्त्राने न सांगितलेले आपण भरतो. तिला पाच नवरे झाले होते एवढे लिहिले आहे. ते मेले की त्यांनी तिला सोडले, हे लिहिलेले नाही. ती लाजेने दुपारी आली असेही वचन म्हणत नाही, ते फक्त वेळ सांगते. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवणे. तिने घागर ठेवली कारण तिला गावात जायची घाई होती, एवढे पुरेसे आहे.

आणखी एक सवय लावा. भेट तिच्या अध्यायात संपली असे धरू नका, समासातली संदर्भ वचने पाहा. निकदेम योहान ७:५० मध्ये पुन्हा दिसतो, येशूच्या बाजूने एक सावध वाक्य बोलतो आणि टोमणा खातो. मग १९:३९ मध्ये तो गंधरस व अगरू यांचे सुमारे शंभर रत्तल मिश्रण घेऊन येतो. आजच्या मापाने ते ३० किलोहून अधिक होते. वधस्तंभानंतर, जेव्हा त्यातून काहीच मिळण्यासारखे नव्हते, तेव्हा तो उघडपणे पुढे आला. तुमच्या ओळखीत कुणी अजून ‘रात्रीच’ प्रश्न विचारत असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करताना योहान ३:२ धरून ही तीन वचने एकत्र वाचा.

प्रश्न : विश्वासात येण्यापूर्वी भागीदारीच्या धंद्यात हिशेब फिरवून मी पैसे घेतले. भागीदाराला आजही माहीत नाही. देवाजवळ क्षमा मागितली आहे. आता श्रीमंत तरुणासारखे सगळे विकावे, जक्कयासारखे चौपट द्यावे, की क्षमा झाली म्हणजे झाले?

लूक १८:१८-३० आणि १९:१-१० एकापाठोपाठ वाचा. पहिल्याला प्रभू सर्व विकायला सांगतो. दुसऱ्याला, म्हणजे जक्कय या जकातदाराला, काहीच सांगत नाही. तो आपणहून अर्धे गरिबांना आणि फसवून घेतलेल्याचे चौपट देतो, आणि ‘आज या घराला तारण झाले आहे’ हे उत्तर येते. म्हणजे रक्कम हा नियम नाही. क्रम मात्र दोन्हीकडे पाहण्यासारखा आहे. मार्क १०:२१ म्हणते की येशूने त्या माणसाकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली आणि मग मागणी केली. जक्कयाच्या घरी तो आधी उतरला, पैशांचे बोलणे नंतर निघाले. परतफेड ही तारणाची किंमत नव्हे. पण घरात प्रभू आला असेल, तर ती टाळताही येत नाही.

आता आकडे. गणना ५:६-७ व लेवीय ६:१-५ प्रमाणे, जो आपला अपराध स्वतः कबूल करतो त्याने मुद्दल भरून वर पाचवा हिस्सा द्यायचा. निर्गम २२:१ प्रमाणे मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर एकाला चार, बैलाला पाच. चोरलेले जनावर जिवंत सापडले तर दुप्पट (२२:४). एक हजार घेतले असतील तर कबुलीच्या नियमाने १,२०० होतात, चौपटीने ४,०००. जक्कयाला कुणी पकडले नव्हते, तरी त्याने स्वतःला चोराचा दर लावला. तुमच्यावर चौपटीचे बंधन आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुद्दल आणि वर काही भर, याच्या खाली मात्र जाऊ नका, कारण इतक्या वर्षांत त्या पैशांचा उपयोग भागीदाराला झाला नाही, तुम्हाला झाला.

पैसे द्यायचे कुणाला, हे गणना ५:८ मध्ये स्पष्ट आहे : ज्याचे घेतले त्याला. तो हयात नसेल तर जवळच्या नातलगाला. कुणीच नसेल तरच याजकामार्फत देवाला. म्हणून ती रक्कम दानपेटीत टाकून मोकळे होण्याची वाट बंद आहे.

आधी कागदावर साल आणि रक्कम लिहा, नक्की आठवत नसेल तिथे मोठा आकडा धरा. घरात जोडीदाराला सांगा, कारण पैसे त्याच घरातून जाणार आहेत. एका प्रौढ, तोंड बंद ठेवणाऱ्या विश्वासणाऱ्याला बरोबर घ्या. करांचा किंवा कागदपत्रांचा गुंता असेल तर वकिलाचा सल्ला घ्या, पण त्या सल्ल्यासाठी तारीख ठरवा, नाहीतर वर्ष जाईल. मग भागीदाराला समोरासमोर भेटा. ‘मी अमुक काळात, अमुक रीतीने, एवढे घेतले.’ त्यात ‘पण’ नको, त्याच्या चुकांची यादी नको. पहिला हप्ता त्याच दिवशी हातात द्या, उरलेल्याचे वेळापत्रक लिहून द्या. तो चिडेल, ऐकून घ्या. क्षमा त्याच बैठकीत मागून त्याला कोंडीत धरू नका, तिला वेळ लागू शकतो.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. निनावी पाकीट पाठवले जाते, त्यामुळे पैसे परत जातात पण खोटे तसेच राहते. किंवा भागीदाराच्या आधी मंडळीपुढे साक्ष दिली जाते, आणि त्याला स्वतःच्या फसवणुकीची बातमी तिसऱ्याकडून कळते. मत्तय ५:२३-२४ हा क्रम उलटा सांगते : अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी भावाकडे जा.

प्रश्न : माझा जन्म विश्वासू घरात झाला. साक्ष द्यायला सांगितले की संकोच वाटतो, कारण दमास्कसच्या वाटेवर पौलाला प्रकाश दिसला, आवाज आला, तसे माझ्या आयुष्यात काही घडलेच नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ उघडा. फिलिप्पै या एकाच शहरात दोन जणांचा बदल दिसतो. तुरुंगाच्या नायकासाठी मध्यरात्री भूकंप झाला. थुवतीरा नगरची जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया नदीकाठी बसून ऐकत होती आणि प्रभूने तिचे अंतःकरण उघडले, एवढेच लिहिले आहे. आवाज नाही, प्रकाश नाही. तरी पुढचे सारखेच आहे : दोघांचा घरच्यांसह बाप्तिस्मा झाला आणि दोघांनी घर उघडले. तीमथ्याकडे तर शहर किंवा तारीखही नाही. आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता तोच विश्वास त्याच्यात आहे, असे पौल म्हणतो (२ तीमथ्य १:५). स्वतःच्या अनुभवाचे माप पौलाने त्याला लावले नाही, हे ध्यानात घ्या.

साक्ष तीन मिनिटांची ठेवा, लिहून काढली तर साधारण तीनशे शब्द. मी कशावर भिस्त ठेवत होतो, प्रभूने कोणते वचन किंवा कोणते माणूस वापरले, आणि या वर्षी माझ्यात काय वेगळे आहे, एवढे सांगा. तिसरा भाग सर्वांत जास्त गाळला जातो आणि ऐकणाऱ्यांना त्याचीच गरज असते. जुने पाप रंगवून सांगू नका. पौलाने आपला भूतकाळ तीन शब्दांत संपवला : निंदक, छळ करणारा, जुलमी (१ तीमथ्य १:१३).

प्रश्न : संडेस्कूल, तरुणसंघ, आजाऱ्यांच्या भेटी, हे सगळे मी अकरा वर्षे करतो आहे. आता प्रार्थनेला बसलो की शब्द येत नाहीत, ‘पुरे झाले’ एवढेच मनात येते. माझा विश्वास गेला काय?

‘पुरे झाले’ हे एलिया संदेष्ट्याचे शब्द आहेत (१ राजे १९:४), आणि कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरल्यानंतरचे आहेत. म्हणून त्यावरून विश्वास गेला असा निष्कर्ष काढू नका. तो अध्याय सावकाश वाचा, कारण देव थकलेल्या सेवकाशी कसा वागतो ते तिथे पायरीपायरीने दिसते.

एलिया राणी ईजबेलीच्या धमकीने बैर-शेबापर्यंत पळाला. इज्रेलपासून ते अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. तिथे त्याने चाकराला सोडले आणि एकटा रानात गेला. थकलेला माणूस हीच चूक करतो, बरोबरचे शेवटचे माणूसही मागे ठेवतो. मग रतामाच्या झुडपाखाली त्याने मरण मागितले. यावर देवाने वचन दिले नाही, फटकारले नाही. झोप दिली. दूताने स्पर्श केला. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी. पुन्हा झोप. पुन्हा स्पर्श, पुन्हा अन्न, आणि कारणही सांगितले : वाट तुला झेपणार नाही एवढी लांब आहे. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न होरेब डोंगरावर आला, चाळीस दिवसांनी.

तिथे वारा, भूकंप, अग्नी, मग मंद वाणी झाली. पण १० आणि १४ ही वचने शेजारी ठेवा. भेटीच्या आधीचे उत्तर आणि नंतरचे उत्तर शब्दाला शब्द सारखे आहे. इतक्या मोठ्या दर्शनाने एलियाचे मन लगेच बदलले नाही. त्याला उचलले ते पुढच्या बोलण्याने : तीन नावे आणि एक संख्या. हजाएल, येहू, अलीशा यांचा अभिषेक कर. आणि तू एकटा नाहीस, बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. त्या तिघांपैकी एलियाने स्वतः फक्त अलीशाला गाठले. हजाएलाला राजपदाचे भाकीत अलीशाने सांगितले (२ राजे ८), येहूचा अभिषेक अलीशाने पाठवलेल्या संदेष्ट्याने केला (२ राजे ९). काम दुसऱ्याच्या हातून पुरे होणे हेच देवाच्या योजनेत होते.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. पहिले दोन आठवडे फक्त झोप, वेळेवर जेवण आणि डॉक्टरांकडून तपासणी. झोप न लागणे, भूक जाणे, कशात रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मरणाचे विचार येत असतील तर आजच, हे वाचून झाल्यावर लगेच, जवळच्या माणसाला सांगा आणि एकटे राहू नका. हे अविश्वासाचे लक्षण नाही. एलियानेही मरण मागितले, आणि देवाने त्याच्याकडे कुणाला तरी पाठवले.

प्रार्थनेत शब्द शोधू नका, उसने घ्या. स्तोत्र १३ सहाच वचनांचे आहे, सुरुवातीलाच चारदा ‘कोठवर’ विचारते. सकाळी तेवढेच मोठ्याने वाचा आणि पाच मिनिटे शांत बसा. महिनाभर एवढे पुरे.

मग सर्व जबाबदाऱ्या कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे एका ‘अलीशा’चे नाव घाला. नाव सुचत नसेल तर तिथे दुखणे आहे, हे पाळकांना दाखवा. महिन्याला एक काम द्या, आणि दिले की चार आठवडे बरोबर राहून मग हात काढा. रागाच्या भरात एका दिवसात सर्व सोडले तर मुलांचे नुकसान होते आणि तुम्हाला पुढे अपराधी वाटते. दुसरी चूक म्हणजे एखाद्या मोठ्या मेळाव्यातून ताजेतवाने होऊ अशी आशा धरून तिथेही व्यवस्थेचे काम अंगावर घेणे.

हे वाचणाऱ्या वडीलजनांना विनंती : अकरा वर्षांत या माणसाला सुट्टी कुणी दिली का, हे विचारा. आधी भाकर घेऊन जा, प्रश्न नंतर विचारा.

प्रश्न : नोकरीच्या दोन संधी आहेत. गिदोनासारखी लोकर ठेवून देवाकडे चिन्ह मागावे काय?

आमचे मत स्पष्ट आहे : नको. शास्ते ६ मध्ये गिदोनाला काय करायचे ते वचन १४ आणि १६ मध्ये आधीच सांगितले होते. लोकर ठेवताना, म्हणजे फक्त लोकर दवाने भिजावी आणि जमीन कोरडी राहावी असे चिन्ह मागताना, तो स्वतःच ‘तू सांगितल्याप्रमाणे’ असे म्हणतो (३६). दोन वाटांतली एक निवडण्यासाठी त्याने लोकर ठेवली नाही, कळलेल्या आज्ञेवर विश्वास बसत नव्हता म्हणून ठेवली. दुसऱ्यांदा मागताना ‘तुझा कोप न होवो’ असेही म्हणतो. देवाने त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतले, पण पुढे कुठल्याही प्रेषिताने ही रीत शिकवली नाही.

त्याऐवजी प्रेषित १६:६-१० पाहा. पौल व त्याच्या सोबत्यांना आशिया प्रांत बंद, बिथुनिया बंद, मग दृष्टान्त, आणि मग ‘आम्ही’ अनुमान केले. पौलाने एकट्याने नाही. दोन्ही नोकऱ्यांत खोटे बोलावे लागेल का, उपासना आणि घर यांना वेळ उरेल का, हे लिहा. तुमचे दोष माहीत असलेल्या दोघांना दाखवा. याकोब १:५ धरून ज्ञान मागा आणि निर्णयाची तारीख ठरवा. दोन्ही वाटा सरळ असतील तर कुठलीही घ्या आणि मागे वळून पाहू नका.

प्रश्न : माझी बहीण दीर्घकाळ आजारी आहे. भेटायला येणारे काही जण म्हणतात, ‘काही पाप लपवले असेल, ते कबूल कर.’ अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभूनेही ‘आता पाप करू नकोस’ म्हटले, असा आधार देतात. यावर काय म्हणावे?

तो आधार योहान ५:१४ मधला आहे. त्याच शुभवर्तमानात चार अध्याय पुढे जन्मांधाविषयी शिष्य नेमका हाच प्रश्न विचारतात : पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? आणि प्रभू म्हणतो, याचेही नाही, त्यांचेही नाही (९:३). दोन आजारी, दोन वेगळी उत्तरे. एका भेटीतले वाक्य उचलून दुसऱ्या माणसाच्या उशाशी ठेवता येत नाही, हे दाखवायला या दोन भेटी पुरेशा आहेत. शिवाय पाचव्या अध्यायातले ते वाक्य बरे झाल्यानंतर, मंदिरात, त्या माणसाला स्वतः प्रभूने सांगितले आहे. बरे करण्याआधी तळ्याकाठी प्रभूने विचारले ते वेगळेच : ‘तुला बरे होण्याची इच्छा आहे काय?’ कबुलीची अट घातली नाही.

येणाऱ्यांना ईयोब २:१३ वाचायला द्या. दुःखात बुडालेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचे बरोबर होते. चुकले ते बोलू लागल्यावर.

भेटीचे काही साधे नियम तुम्ही घरचे म्हणून घालून देऊ शकता, त्यात उद्धटपणा नाही. आधी विचारून या. पंधरा-वीस मिनिटे थांबा. बसून बोला, उभ्याने नको. प्रार्थना करू का, कशासाठी करू, हे तिलाच विचारा. मार्क १०:५१ मध्ये प्रभूने आंधळ्या बार्तीमयालासुद्धा ‘मी तुझ्यासाठी काय करावे?’ असे विचारले, गरज समोर दिसत असताना. प्रार्थना दोन-तीन मिनिटांची. औषध बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या व्यक्तीला पुन्हा येऊ देऊ नका आणि पाळकांना कळवा. बहिणीला स्वतःहून काही कबूल करायचे असेल तर ती विश्वासातले माणूस निवडेल, तिच्या अशक्तपणाचा फायदा घेऊन ते काढून घेऊ नये.

प्रश्न : मी पडलो, ते मंडळीत सर्वांना कळले. पश्चात्ताप केला, क्षमा मिळाली असे पाळकही सांगतात. तरी सेवेत परत यावे की नाही, हे ठरत नाही. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला त्याने लगेच परत घेतले ना?

लगेच नाही, आणि एकदम सर्वांपुढेही नाही. लूक २४:३४ आणि १ करिंथ १५:५ सांगतात की पुनरुत्थित प्रभू शिमोनाला, म्हणजे पेत्राला, वेगळा भेटला होता. त्या भेटीत काय बोलणे झाले ते शास्त्र सांगत नाही. योहान २१ मधले समुद्रकाठचे संभाषण त्यानंतरचे आहे. आधी एकांत, मग उघड. हा क्रम राखा.

काठावर कोळशाचा विस्तव आहे. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात दोनदाच येतो : इथे, आणि जिथे पेत्राने शेकत नाकारले त्या अंगणात (१८:१८). प्रभू त्याला त्या आठवणीजवळ नेतो, पण आधी न्याहारी देतो. तीन नकार, तीन प्रश्न. प्रश्न ‘पुन्हा असे करशील का?’ हा नाही, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हा आहे. पहिल्या प्रश्नात ‘ह्यांच्यापेक्षा अधिक’ आहे, कारण सगळे अडखळले तरी मी नाही, असे पेत्र म्हणाला होता (मत्तय २६:३३). उत्तर देताना पेत्र ती तुलना गाळतो. बरे होण्याची खूण शोधायची तर इथे शोधा. इथल्या ‘प्रीती करणे’ यासाठीच्या ‘अगापाओ’ आणि ‘फिलेओ’ या दोन ग्रीक क्रियापदांवर फार मोठी प्रवचने होतात, पण योहान ही दोन्ही एकमेकांच्या जागी वापरतो (पित्याची पुत्रावरील प्रीती, ३:३५ व ५:२० पाहा), म्हणून त्यावर भार टाकू नका.

आता तुमचे. ज्यांना इजा झाली त्यांच्याशी वेगळे बोलणे झाले आहे का? नसेल तर ते आधी. मग पाळक आणि दोन वडीलजन यांच्याबरोबर मुदत ठरवा, निदान सहा महिने, महिन्यातून एक भेट. त्या काळात हातात माईक किंवा पैसे नकोत. सुरुवात प्रभूने तिथे पेत्राला सांगितलेल्या ‘कोकरे चार’ या प्रकारच्या कामापासून करा, ज्यात कुणाची तरी भूक भागते आणि तुमचे नाव पुढे येत नाही. पडण्याचे कारण पैसा, दारू किंवा परक्या व्यक्तीशी जवळीक असेल तर त्या वाटेवर कायमची राखण लागेल. अपराध लहान मूल किंवा असहाय व्यक्तीशी असेल तर कायद्याला जाब द्यावाच लागतो, आणि ती सेवा पुन्हा मागू नये. पेत्रही पुढे अंत्युखियात घसरला आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष अडवले (गलती २:११-१४). परत आलेल्या माणसालाही अडवणारा भाऊ लागतो. तुमचा कोण, हे आधी ठरवा.

प्रश्न : मार्थेवरचे प्रवचन ऐकले की स्वयंपाकघरात राबणाऱ्या आम्हा बायकांना दर वेळी टोचणी लागते. पाहुणे आले तर काम करायचे नाही काय?

लूक १०:४०-४१ पुन्हा वाचा : बहीण मरीया प्रभूच्या पायांशी ऐकत बसली आहे आणि मार्था पाहुणचारात गुंतली आहे. प्रभू काम करण्याविषयी बोललेला नाही. ‘पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग’ याविषयी बोलला, आणि तेही तिने बहिणीची तक्रार त्याच्याकडे आणल्यावर. नाव दोनदा घेऊन, मायेने. याच मार्थेने भाऊ मेला असताना म्हटले, ‘आपण देवाचे पुत्र ख्रिस्त आहात’ (योहान ११:२७). ‘आपण ख्रिस्त आहात’ या पेत्राच्या कबुलीच्या तोडीचे ते वाक्य आहे, आणि त्यावर प्रवचने फारच कमी होतात. पाहुणे येणार असतील तर एक पदार्थ कमी करा आणि वचन चालू असताना घरातल्या सर्वांनी, पुरुषांनीही, काम थांबवून बसा. नंतर सर्वांनी मिळून आवरा.

आणि योहान १२:२ पाहा. बेथानीतले पुढचे जेवण, सहा दिवसांवर वल्हांडण आलेला, लाजर पंक्तीला बसलेला, मरीया पुन्हा प्रभूच्या पायांशी. मार्था वाढत होती. या वेळी तिला कुणी काही म्हटलेले नाही.